दार लोटा, कुलूप लावू नका!
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर न्यू-ओलेसुंद नावाची वस्ती आहे. भारताचं ‘हिमाद्री’ हे आर्क्टिक संशोधन केंद्र तिथे आहे. त्यावर मागे छापलेलं टिपण वाचून बरीच पत्रं आली. विज्ञानाबद्दल कमी, अस्वलाबद्दल जास्त. साहजिक आहे. तिथल्या रोजच्या व्यवहारातले निम्मे नियम अस्वलाला धरूनच केलेले आहेत.

प्रश्न : हिमाद्री म्हणजे बर्फात एकटीच उभी असलेली इमारत का? तिथे जेवणखाणाचं काय होतं?

एकटी नाही. अंटार्क्टिकातल्या केंद्रांचं चित्र आधी डोक्यातून काढून टाका. न्यू-ओलेसुंद हे मुळात कोळसा-खाणीचं गाव. १९६२मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ जण गेले, पुढच्या वर्षी खाण कायमची बंद झाली आणि हळूहळू गाव संशोधकांचं झालं. नॉर्वे, जर्मनी-फ्रान्स, ब्रिटन, इटली, जपान, कोरिया, चीन, नेदरलँड्स अशा सगळ्यांची बिऱ्हाडं एकाच आळीत आहेत. इमारती, वीज, पाणी, धक्का, धावपट्टी आणि मेस हे सगळं ‘किंग्ज बे’ ही नॉर्वे सरकारच्या मालकीची कंपनी सांभाळते. हिमाद्री १ जुलै २००८ रोजी सुरू झालं. एका वेळी आठेक माणसांची सोय आहे.

जेवण सगळ्यांचं एकाच मेसमध्ये, तिन्ही वेळा. दारात बूट काढून मोज्यांवर आत जायचं. ही रीत खाणीच्या काळातली, कोळशाची काजळी आत येऊ नये म्हणून पडलेली. आज काजळी नाही, पण चिखल आहे, त्यामुळे रीत टिकली. घरात घालायच्या सपाता सोबत न्याव्यात. इमारतींच्या फरशा गार असतात. हिवाळ्यात सगळ्या वस्तीत मिळून तीस-पस्तीस माणसं असतात, उन्हाळ्यात शंभराच्या वर.

स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन. तिथून छोट्या विमानाने पंचवीस मिनिटांत पोचता येतं. मात्र धावपट्टी खडीची आहे आणि वारा किंवा धुकं आलं की उड्डाण रद्द. रोजची औषधं ठरलेल्या मुक्कामापेक्षा किमान आठवडाभराची जास्त न्यायची, ती यासाठी. इस्पितळ लाँगइयरब्येनला आहे, आणि तिथे न निभावणारं दुखणं पुढे नॉर्वेच्या मुख्य भूमीवर, ट्रोम्सोला पाठवतात. दाढ दुखत असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : तिथे घरांना कुलूप लावत नाहीत म्हणे. चोर नाहीत म्हणून?

अस्वलं आहेत म्हणून. रस्त्यावर अस्वल दिसलं तर माणसाला हाताशी येईल त्या दारातून आत शिरता आलं पाहिजे; ते दार जर्मनांचं असो की कोरियनांचं. दार नीट लोटलेलं असावं, कुलूपबंद नसावं, एवढाच नियम. नवखे लोक दोन चुका करतात. रात्री सवयीने आतून कडी घालतात, किंवा दाराशी वाढलेला बर्फ ‘उद्या काढू’ म्हणून ठेवतात. वाऱ्याने रचलेला बर्फ रात्रीतून दगडासारखा होतो. मग कुलूप नसूनही ते दार बंदच म्हणायचं. दाराशी फावडं असतं ते याचसाठी.

प्रश्न : वस्तीत अस्वल शिरलं तर नेमकं काय करतात? मारतात का?

सगळ्यात आधी वॉकी-टॉकीवर कळवायचं. काय दिसलं, किती, कुठे, कुठल्या दिशेला चाललंय, एवढ्या चारच गोष्टी. ‘बापरे, अस्वल!’ असं ओरडून बटण सोडलं तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मग सगळ्यांनी आत जायचं आणि आतच थांबायचं. फोटोसाठी ओसरीवर यायचं नाही. अस्वल हुसकायचं काम वस्तीच्या पहारेकऱ्यांचं. लागलं तर स्वालबार्डच्या प्रशासकाकडे, म्हणजे सिसेलमेस्टरकडे कळवलं जातं.

ध्रुवीय अस्वल स्वालबार्डात १९७३पासून संरक्षित आहे. त्याला खाऊ दाखवणं, त्याच्या मागे जाणं, मुद्दाम शोधायला जाणं, हे सगळे गुन्हे. २०२५च्या सुरुवातीपासून अंतराचा आकडाही कायद्यात आला : किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. चुकून त्याच्या आत आलात तर मागे सरकणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘अस्वलच माझ्याकडे आलं’ हे कारण सांगून तिथेच उभं राहता येत नाही.

गोळी हा शेवटचा मार्ग, जीव वाचवण्यापुरता. अस्वल मारलं गेलं की प्रत्येक वेळी चौकशी होते. अन्न कुठे ठेवलं होतं, पहारा होता का, आधी घाबरवायचा प्रयत्न झाला का, हे सगळं विचारलं जातं.

प्रश्न : हिमनदीवर किंवा किनाऱ्यावर काम करायला जाताना बंदूक न्यावीच लागते का? शास्त्रज्ञांना ती चालवता येते?

वस्तीची हद्द ओलांडली की अस्वलाला घाबरवण्याचं साधन जवळ असणं सक्तीचं आहे आणि रायफलही नेली जाते. चालवता येत नसेल तर शिकावं लागतं. बाहेर काम करणाऱ्याला आल्यावर लगेच प्रशिक्षण दिलं जातं, तेही हातमोजे घालून, कारण अस्वल आल्यावर हातमोजे काढायला कोणी वेळ देत नाही.

रायफल .३०८ किंवा .३०-०६ या मापाहून कमी ताकदीची चालत नाही. प्रौढ नर चारशे-पाचशे किलोंचा सहज असतो. वस्तीत रायफल पूर्ण रिकामी ठेवायची. हद्दीबाहेर गेल्यावर मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, भरायचं; पण चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, रिकामं ठेवायचं. नॉर्वेत याला ‘अर्धी भरलेली’ म्हणतात. बोल्ट एकदा मागेपुढे केला की ती तयार होते, आणि घसरून पडलात तरी सुटत नाही. परतताना हद्दीवरच मॅगझिन रिकामं करायचं, बोल्ट उघडून चेंबरमध्ये बोट घालून पाहायचं आणि जोडीदारालाही पाहायला लावायचं. थकून आल्यावर डोळ्याला जे दिसायला हवं असतं तेच दिसतं. बोटाचं तसं नाही.

बिघाड बहुतेक वेळा ओलाव्याने होतो. थंड रायफल गरम खोलीत नेली की तिच्यावर दव धरतं, आतल्या भागांतही. तीच तासाभराने बाहेर नेली की त्या पाण्याचा बर्फ होतो आणि फायरिंग पिन जागची हलत नाही. म्हणून दिवसभराच्या कामात जेवायला झोपडीत शिरलात तरी रायफल बाहेर, बिनतापलेल्या ओसरीतच राहू द्यायची. मुक्कामाला परतल्यावर मात्र ती आत पूर्ण वाळवायची. जाड तेल लावू नये. ते गारठ्यात चिकासारखं घट्ट होतं. नळीच्या तोंडावर पातळ चिकटपट्टी लावतात, बर्फ आत जाऊ नये म्हणून. गोळी ती फोडून सरळ जाते.

रायफलीच्या आधी सिग्नल पिस्तूल. त्यातला बार अस्वलाच्या आणि तुमच्या मध्ये फुटला पाहिजे. घाईत तो अस्वलाच्या डोक्यावरून पलीकडे गेला तर धमाका त्याच्या पाठीमागे होतो आणि ते दचकून तुमच्याकडेच धावतं! त्यामुळे खाली, आपल्या बाजूला जरा जवळच नेम धरायचा. समोरून वारा असेल तर बार कमी अंतर जातो, हेही लक्षात ठेवायचं.

अस्वल काय म्हणतंय तेही वाचता यायला हवं. मान वर करून हवा हुंगत, नागमोडी चालत, वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घेत येणारं अस्वल बहुधा चौकस असतं. अशा वेळी सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं, मोठ्याने बोलायचं आणि सावकाश मागे सरकायचं. कान मागे पाडलेले, डोकं खाली, फुत्कार आणि जबडा आपटल्याचा आवाज आला तर ते चिडलेलं आहे. पळायचं कधीच नाही. ते ताशी ४० किलोमीटरने धावतं. वेळ आलीच तर नेम छातीवर धरतात, डोक्यावर नाही. लांब मानेवर डोकं सतत हलत असतं आणि कवटी अरुंद, उतरती असते.

तरी हे सगळं झालं पुढचं. खरं कौशल्य अस्वल आधी दिसण्यात आहे. ते मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या, ढिगाआड, ओढ्याच्या काठाखाली, मोठ्या शिळेमागे झोपलेलं असतं, आणि उन्हाळ्यात त्याचा पिवळट रंग बर्फावर नव्हे, दगडांवर शोधायचा असतो. चालताना ठरावीक वेळाने थांबून दुर्बिणीने चारी बाजू पाहायच्या. डबा खायला बसायचं ते मोकळ्या उंचवट्यावर, एकमेकांकडे पाठ करून. स्नोस्कूटर उभी करताना तिचं तोंड परतीच्या वाटेकडे. आणि एकट्याने कधी जायचं नाही. निघताना मार्ग, नावं आणि परतायची वेळ लिहून जायची. वेळ टळली तर आधी वॉकी-टॉकीवर सांगा. नाहीतर तुमच्या शोधासाठी माणसं बाहेर पडतील.

प्रश्न : तंबूत मुक्काम असेल तर रात्री काय? भोवती तार लावतात असं वाचलं.

लावतात. खांबांना ताणलेली बारीक तार. तिला धक्का लागला की बार उडतो. तंबूपासून पुरेशी लांब हवी. खेटून लावली तर बार उडेपर्यंत अस्वल तंबूत पोचलेलं असतं. तार ढिली पडते, खांबाखालचा बर्फ वितळून खांब कलतो, वाऱ्याने किंवा रेनडिअरमुळे ती विनाकारण उडते, आणि दोन-तीनदा असं झालं की लोक कंटाळून ती परत ताणतच नाहीत. ऑगस्ट २०११मध्ये स्वालबार्डात एका तरुणांच्या छावणीवर अस्वल आलं, तेव्हा तार उडाली नाही आणि रायफलीतून पहिली काडतुसं न फुटताच बाहेर पडली. एक मुलगा गेला, चौघे जखमी झाले. तेव्हापासून प्रशिक्षणात दोन गोष्टींवर जोर असतो. जी रायफल नेणार तिच्याच सेफ्टीचा सराव करायचा, दुसऱ्या कुठल्या नाही. आणि तार असली तरी पाळीपाळीने पहारा द्यायचा. आमच्या मते पहारा हाच खरा. तार म्हणजे त्याला जोड.

स्वयंपाक झोपायच्या तंबूपासून दूर करायचा, आणि दोन्ही तंबू एकमेकांना दिसतील असे ठेवायचे.

प्रश्न : तिथे वायफाय बंद असतं, ते का? मग घरी बोलायचं कसं?

न्यू-ओलेसुंदला नॉर्वेच्या भूमापन खात्याच्या रेडिओ दुर्बिणी आहेत. अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वेसारांचे, म्हणजे दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांचे, अतिक्षीण संकेत पकडून त्या पृथ्वीची फिरण्याची गती आणि खंडांची हालचाल मोजतात. म्हणून वस्तीभोवती २० किलोमीटरच्या परिघात २ ते ३२ गिगाहर्ट्झमध्ये काहीही प्रक्षेपित करायला मनाई आहे. वायफाय आणि ब्लूटूथ नेमके त्याच पट्ट्यात येतात. मोबाइलचं नेटवर्कही नाही. घरी बोलायचं तर तारेने जोडलेल्या इंटरनेटवरून. ते चांगलं वेगवान आहे.

गोची होते ती विसरलेल्या वस्तूंमुळे. फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकला तरी बऱ्याच फोनांत ब्लूटूथ चालूच राहतं, ते वेगळं बंद करावं लागतं. घड्याळ, इअरफोन, बिनतारी माउस, कॅमेऱ्यातलं वायफाय, ड्रोनचा रिमोट यांचीही तीच गत. निघायच्या आधी घरीच एकेक वस्तू काढून सेटिंग तपासा. आणि लॅपटॉप नव्या बारीक धाटणीचा असेल तर लॅनची तार जोडायचा अडॅप्टर घ्या. तो विसरला तर महिनाभर दुसऱ्यांच्या दाराशी उभं राहावं लागेल. कामाच्या वॉकी-टॉकी बऱ्याच खालच्या वारंवारतेवर चालतात, त्यांना अडचण नाही.

प्रश्न : अस्वल सोडून बाकी प्राण्यांचा त्रास होतो का?

उन्हाळ्यात रोजचा मार मिळतो तो शंभर ग्रॅम वजनाच्या पक्ष्याकडून! आर्क्टिक सुरय जून-जुलैत वस्तीतच, अगदी रस्त्याच्या कडेला, उघड्या खडीत अंडी घालतो. जवळून गेलात की चिरकत डोक्यावर सूर मारतो, आणि चोच लाल असली तरी टाळूवरचं रक्त तुमचंच असतं. तो सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतो, म्हणून काठी डोक्यावर उभी धरून चालायचं. तो काठीला टोचत राहतो. काठी फिरवायची नाही, पक्ष्याला लागता कामा नये, थांबायचंही नाही. तुम्ही उभे राहून त्याचे फोटो काढता तेवढा वेळ अंडी गारठत असतात. रस्ता सोडून खडीत पाऊल टाकलं तर ती दिसणारही नाहीत, इतकी खड्यांसारखी असतात.

बार्नॅकल हंस जुलैत पिसं टाकतात, तेव्हा काही आठवडे त्यांना उडता येत नाही. पिल्लांसह तळ्याकाठी चरत असतात. त्यांना पळवलं की खोकड टपलेलं असतंच.

खोकड म्हणजे आर्क्टिक फॉक्स. मराठीत त्याला सर्रास ‘कोल्हा’ म्हणतात. तो खरं तर खोकडाच्या कुळातला. दिसायला लोभस, पण स्वालबार्डात त्याच्यात पिसाळी (रेबीज) आढळते. अंगचटीला येणारं, न बुजणारं खोकड धीट आहे असं समजू नका, आजारी असू शकतं. खाऊ घालायचं नाही. चावलंच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लशीची व्यवस्था करायची. खरचटलं असलं तरी.

रेनडिअर गरीब. आखूड पायांचे, बुटके. ही स्वालबार्डची वेगळी उपजात. न्यू-ओलेसुंद ज्या द्वीपकल्पावर आहे तिथे शिकारीमुळे ते उरले नव्हते, १९७८मध्ये पुन्हा आणून सोडले. हल्ली भर हिवाळ्यात पाऊस पडतो, तो जमिनीवर गोठून बर्फाची पाटी तयार होते आणि खालचा चारा खुरांनी उकरता येत नाही. मग ते किनाऱ्यावर येऊन समुद्रशेवाळ खातात. अशा वेळी त्यांना बाजूला हटवू नका, वाट तुम्ही बदला. उपाशी जनावराला पन्नास पावलं धावायला लावणंही महाग पडतं.

प्रश्न : मी उपकरणं बनवतो. प्राणी ती खराब करतात का?

तुमच्यासाठी ही यादी कामाची. खोकड केबलचं मऊ आवरण कुरतडतं. केबल जमिनीवर उघडी सोडू नका, धातूच्या नळीतून न्या. अस्वलाला फोम, रबर आणि मऊ प्लास्टिक चावायला आवडतं. स्नोस्कूटरची सीट हे त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक. मनोऱ्याला ताण देणाऱ्या तारांत रेनडिअरची शिंगं अडकतात आणि जनावर तिथेच झटापट करत मरतं. तारांना ठळक रंगाच्या पट्ट्या बांधा, ताण पक्का ठेवा आणि काम संपलं की दोर, जाळी, तारेचे तुकडे मोजून परत आणा.

हिमनदीवर बर्फ किती साचला, किती वितळला हे मोजायला खुंट्या पुरतात, त्यांचा शत्रू प्राणी नसून वितळणं. भोक उथळ पाडलं तर उन्हाळा संपेपर्यंत खुंटी आडवी, आणि वर्षाचं मोजमाप गेलं. किमान येत्या दोन उन्हाळ्यांचं वितळणं धरून खोली ठरवावी.

आणि एक वेगळीच अडचण. खाणीच्या दिवसांतली फळी, गंजका खिळा, जुनी बरणी दिसली तर ‘आधाराला बरी’ म्हणून उचलू नका. स्वालबार्डात १९४५ किंवा त्याआधीच्या सगळ्या मानवी खुणा कायद्याने संरक्षित आहेत, कचऱ्यासारखी दिसणारी वस्तूसुद्धा.

प्रश्न : कॅमेरा आणि बॅटरीची काळजी?

आत शिरायच्या आधी, बाहेर असतानाच, कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालायचा आणि आत आल्यावर दोन-तीन तास पिशवी उघडायची नाही. दव पिशवीवर धरतं, काचेवर नाही. मेमरी कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे पिशवी उघडायचा मोह होत नाही. सुट्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून. गारठ्याने ‘संपलेली’ बॅटरी उबेत ठेवली की बऱ्याचदा पुन्हा चालते.

प्रश्न : सहा महिने रात्र असताना झोप कशी लागते?

सहा महिने ध्रुवावर. न्यू-ओलेसुंदला साधारण २४ ऑक्टोबर ते १८ फेब्रुवारी सूर्य क्षितिजावर येत नाही, आणि १८ एप्रिल ते २४ ऑगस्ट मावळत नाही. हिवाळ्यापेक्षा उन्हाळाच जास्त त्रासाचा. रात्री दोनला लख्ख ऊन असतं, काम सुचत राहतं आणि माणूस तिसऱ्या दिवशी कोसळतो. खिडकीचे जाड पडदे ठरल्या वेळी ओढायचे आणि मेसच्या वेळा चुकवायच्या नाहीत. तिन्ही जेवणं पाळली की दिवस जागेवर राहतो.

प्रश्न : (पाचवीतल्या एका वाचकाने अस्वल आणि पेंग्विन यांचं चित्र पाठवून खाली विचारलं आहे) अस्वल हिवाळाभर झोपतं का?

नाही रे. नर आणि एकट्या माद्या हिवाळाभर सील शोधत हिंडतात; म्हणून तर अंधारातही पहारा सुटत नाही. गुहेत शिरते ती फक्त पोटुशी मादी. बर्फात बीळ करून ती आत राहते. पिल्लं जन्मतात तेव्हा जेमतेम अर्धा-पाऊण किलोची, आंधळी. मार्च-एप्रिलमध्ये ती त्यांना घेऊन बाहेर येते. कित्येक महिने तिने काही खाल्लेलं नसतं आणि पिल्लं तिच्या दुधावर असतात. तेव्हा कोणी जवळ गेलं तर तिला पिल्लांसह पळावं लागतं, शिकार हातची जाते. वर सांगितलेलं ५०० मीटरचं अंतर १ मार्चपासून लागू होतं, ते बरंचसं तिच्यासाठीच.

चित्र सुरेख आहे. फक्त पेंग्विन खोडून तिथे सील काढ. पेंग्विन राहतात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला.